टाकीचे चित्र आणि शिळा आवाज

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनांत अलीकडे एक तक्ता अनेकदा पाहायला मिळतो. डावीकडे बोलणारा माणूस, उजवीकडे ऐकणारा, दोघांच्या मध्ये मोबाईलचे मनोरे, आणि ऐकणाऱ्याच्या फोनमध्ये एक छोटी पाण्याची टाकी. टाकीला वरून एक नळ आणि खालून एक तोटी. टाकीवर ठळक अक्षरांत लिहिलेले असते ‘बफर’. वरचा नळ मधूनच थांबला तरी खालची धार तुटत नाही, कारण टाकीत पाणी शिल्लक असते; आवाजाचेही तसेच, असे मुले समजावून सांगतात. जळगाव-धुळ्याकडे नळाला रोज पाणी येईलच असे धरून कोणी चालत नाही, घरोघरी टाकी असते. त्यामुळे ही उपमा मुलांना जवळची वाटते आणि पाहणाऱ्यालाही पटते.

अशाच एका प्रदर्शनात आम्ही परीक्षक म्हणून बसलो होतो. सातपुड्याच्या पायथ्याकडच्या एका शाळेतील नववीची मुलगी तक्त्यापुढे उभी होती. आमच्या सहपरीक्षकांनी विचारले, ‘फोनवर आवाज तुटू नये म्हणून तू काय करशील?’ मुलगी लगेच म्हणाली, ‘टाकी मोठी करीन.’ सहपरीक्षकांनी मान डोलावली, आम्हीही डोलावली, आणि तिला चांगले गुण दिले. घरी परतताना एसटीत मात्र ते उत्तर मनात खुपू लागले. ते उत्तर चूक होते. पण चूक त्या मुलीची नव्हती, चित्राची होती. आणि ते चित्र शाळांमध्ये नेणाऱ्या आमच्यासारख्यांची होती. या लेखात त्या चित्राची उलटतपासणी करायची आहे.

आधी एक हिशेब. जळगावहून धुळे एरंडोल-पारोळा मार्गे ढोबळमानाने ९० किलोमीटर. रेडिओलहरींचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर. म्हणजे जळगावातून निघालेली लहर धुळ्याला पोचायला सेकंदाचा सुमारे ०.३ सहस्रांश, अर्थात ०.३ मिलिसेकंद पुरतो. तेवढ्या वेळात आपल्या तोंडून निघालेला ध्वनी हवेतून जेमतेम १० सेंटिमीटर सरकतो. प्रत्यक्षात संभाषण हवेतून थेट जात नाही. ते जवळच्या मनोऱ्यापर्यंतच बिनतारी असते, आणि पुढे बहुधा काचतंतूंमधून दूरच्या शहरातील केंद्रात जाऊन परत येते. काचतंतूत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर असतो. वाट वाकडी होऊन १००० किलोमीटरची झाली, तरी प्रवासाला ५ मिलिसेकंदच लागतील.

आता मोबाईलवरील संभाषणाला प्रत्यक्षात लागणारा वेळ पाहू. जुन्या जीएसएम पद्धतीत एका बाजूचा आवाज दुसऱ्या बाजूच्या कानात पडायला साधारण ९० मिलिसेकंद लागतील, असा अंदाज धरूनच आखणी झाली होती. प्रवास फार तर ५ मिलिसेकंद, मग उरलेला वेळ गेला कुठे? तो वाट पाहण्यात जातो. आमची पहिली तक्रार इथेच आहे. बिनतारी संदेशवहन शिकवताना आपण लहरींचा वेग शिकवतो, तरंगलांबी शिकवतो, गणिते घालतो; पण आवाज आपल्या आयुष्यातला बहुतेक वेळ चिपमधील स्मृतीत थांबून काढतो, हे कुठेच सांगत नाही. प्रवाशाचा बहुतेक वेळ फलाटावर जात असेल, तर नुसत्या गाडीच्या वेगाचे कौतुक करून कसे भागेल?

आवाजाला थांबावे का लागते, याचे टाकीच्या चित्रात एकच कारण दिसते: वरचा नळ बेभरवशाचा आहे. खरे तर नळ कितीही भरवशाचा असला तरी थांबावे लागतेच.

फोनचा मायक्रोफोन हवेचा दाब विजेच्या दाबात बदलतो. चिपमधील परिवर्तक त्याचे सेकंदाला ८००० वेळा मोजमाप घेतो आणि दर १२५ मायक्रोसेकंदांनी एक आकडा पुढे टाकतो. असे १६० आकडे जमले की २० मिलिसेकंदांचा आवाज होतो. त्याची पुडी बांधायची. अभियंते तिला फ्रेम म्हणतात. जीएसएमच्या पहिल्या पद्धतीत या १६० आकड्यांचे सार काढून २६० बिटांत बसवीत. सार काढायचे तर सारा मजकूर हाती यायला हवा. वाक्य पुरे ऐकल्याशिवाय त्याचा सारांश कसा लिहिणार? म्हणून पहिले २० मिलिसेकंद गेलेच. वर्गात हा काळ डोळ्यांनी दाखवता येतो. ध्वनी २० मिलिसेकंदांत हवेतून ६.८ मीटर जातो. फळ्याजवळच्या गुरुजींचा शब्द शेवटच्या बाकावर पोचायला साधारण तेवढाच वेळ लागतो.

पुडी बांधली तरी ती लगेच धाडता येत नाही, कारण पाळी यावी लागते. एका वाहक लहरीवर आठ फोन आळीपाळीने बोलतात. दर ४.६१५ मिलिसेकंदांच्या फेऱ्यात प्रत्येकाला ०.५७७ मिलिसेकंदांचा वाटा मिळतो. इथे धुळे जिल्ह्यातल्या शिक्षकांना टाकीपेक्षा कितीतरी चांगली उपमा हाताशी आहे, ती म्हणजे पांझरेवरची फड पद्धत. बंधाऱ्याने वळवलेले पाणी पाटातून येते, पाटकरी ते ठरल्या पाळीने शेतांना देतो, आणि पाळी नसताना पाटात हात घालायची कोणाला मुभा नाही. पीक काही फक्त पाळीच्या वेळी तहानत नाही. तसेच बोलणारा अखंड बोलतो, पण फोनला पाठवायची संधी तुकड्यातुकड्यांनी मिळते. अखंड येणारे आणि तुकड्यांनी जाणारे यांची सांगड घालायची तर मध्ये साठवण हवीच. शिवाय जीएसएममध्ये एका पुडीचे बिट एकाच पाळीत न पाठवता आठ पाळ्यांत विखरून पाठवतात, म्हणजे एखादी पाळी गोंगाटात वाया गेली तरी पुडी सगळीच्या सगळी बुडत नाही. या विखुरण्यापायी आणखी ३७ मिलिसेकंदांच्या आसपास खर्ची पडतात. शाबूतपणाच्या बदल्यात वेळ, असा हा सौदा आहे.

चिपच्या पोटातील व्यवस्था मात्र साधी आहे आणि ती समजायला पाणी भरणाऱ्या कोणालाही अडचण येऊ नये. नळाखाली एक हंडा भरत असतो, तोवर दुसरा घरात रिकामा करून आणायचा. स्मृतीचे असे दोन भाग ठेवलेले असतात. आकडे एका भागात आपोआप भरले जातात. मुख्य प्रक्रियकाला दर आकड्यासाठी उठावे लागत नाही. भाग भरला की खूण होते, भरणी दुसऱ्या भागात सुरू होते, आणि प्रक्रियक पहिल्या भागातील १६० आकडे उचलून कामाला लागतो. एका आकड्याला २ बाइट धरले तर एक भाग ३२० बाइटांचा आणि दोन मिळून ६४० बाइटांचा. अट एवढीच की दुसरा हंडा भरायच्या आत पहिला रिकामा होऊन नळाखाली यायला हवा. प्रक्रियक दुसऱ्या कामात गुंतला आणि २० मिलिसेकंदांत परतला नाही, तर न वाचलेल्या आकड्यांवर नवे आकडे लिहिले जातात आणि ऐकणाऱ्याला ‘टक्’ असा आवाज येतो. लहान हंडे घेतले तर फेऱ्या वाढतात, मोठे घेतले तर पहिला थेंब घरात पोचायला उशीर होतो. चिपची आखणी करणाऱ्यांच्या डोक्याला जो ताप असतो, त्यातला बराचसा एवढ्या एका वाक्यात आला.

आता ऐकणाऱ्याकडची टाकी. नव्या पद्धतीत आवाजाच्या पुड्या इंटरनेटच्या पॅकेटांप्रमाणे स्वतंत्र निघतात. आवाज असा पॅकेटांतून पाठवण्याचे पहिले प्रयोग अमेरिकेत १९७४ मध्ये झाले. आपल्याकडे सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झालेली जिओची मोबाईल सेवा मुळातच या धर्तीवर बांधलेली होती. पुड्या निघतात दर २० मिलिसेकंदांनी, पण पोचतात मागेपुढे. समजा १०० पुड्यांपैकी बहुतेकांना ४० ते ६० मिलिसेकंद लागले, चारपाच पुड्यांना ११० लागले आणि एकीला चक्क ३०० लागले. ऐकणाऱ्याच्या फोनला आधीच ठरवावे लागते, की बोलल्यापासून किती वेळाने पुडी वाजवायची. ६० ठरवले तर पाचसहा पुड्या हुकतात. १२० ठरवले तर एकच हुकते. ३०० ठरवले तर एकही हुकत नाही. पण मग ४० मिलिसेकंदांत पोचलेल्या बिचाऱ्या पुडीलाही २६० मिलिसेकंद बसून राहावे लागते. एका उशिरा येणाऱ्या प्रवाशासाठी साऱ्या एसटीला फलाटावर रोखून धरण्यासारखे झाले.

‘मग रोखू द्या की, एकही शब्द जाणार नाही’ हे त्या मुलीचे उत्तर. टाकीची उपमा नेमकी इथे दगा देते. टाकीतले पाणी तासभर थांबल्याने शिळे होत नाही. आवाज होतो. माणसे समोरासमोर बोलतात तेव्हा एकाचे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यामधले अंतर सरासरीने सेकंदाच्या पाचव्या भागाच्या, म्हणजे २०० मिलिसेकंदांच्या आसपास असते. निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्यांची संभाषणे मोजून हे आढळले आहे. दोन्ही बाजूंना ३०० मिलिसेकंदांचा उशीर असला तर विचारणाऱ्याला उत्तराची चाहूल लागायलाच ६०० मिलिसेकंद जास्त लागतात. त्याला वाटते, ऐकू गेले नाही. तो पुन्हा विचारतो, तेवढ्यात उत्तर येऊन आदळते, दोघेही थांबतात आणि दोघेही एकदम सुरू होतात. ‘तुम्ही बोला’, ‘नाही, तुम्ही बोला’. यात एकही शब्द गळलेला नसतो, तरी संभाषण मोडलेले असते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा आणि ४०० च्या पुढे जाऊ नये अशी शिफारस केली आहे, ती याचसाठी.

खानदेशातल्या मुलांना हे सांगायला टाकी नको, केळी हवी. रावेर-यावलकडचा घड हिरवा असताना कापला जातो आणि त्या क्षणापासून घड्याळ सुरू होते. माल सगळा पोचला, एक फणीही गळाली नाही, पण दोन आठवडे उशिरा पोचला, असे कोणी व्यापाऱ्याला सांगून पाहावे! नाशवंत मालाचा हिशेब पोचले किती एवढाच नसतो, वेळेत पोचले किती हा असतो. अर्थात ही उपमाही पुरी नाही. काळी पडलेली केळी निम्म्या दराने तरी जातात. वेळ टळलेल्या पुडीची किंमत शून्य. ती पोचली तरी फोन ती न ऐकवता टाकून देतो. संभाषणाच्या बाबतीत उशिरा येणे आणि न येणे यांत फरकच राहत नाही. ही एक गोष्ट विद्यार्थ्याला उमगली तरी पुरे.

टाकीचे चित्र आले कोठून, याचा आम्ही थोडा विचार केला. मुलांना ‘बफरिंग’ हा शब्द ठाऊक आहे तो मोबाईलवर चित्रपट पाहताना गरगरणाऱ्या चक्रामुळे. तिथे टाकी अगदी योग्य आहे. गाणे पाच सेकंद उशिरा सुरू झाले तर कोणाचे काही बिघडत नाही. गायिका आपल्या उत्तराची वाट पाहत नसते. त्याच फोनमध्ये, त्याच चिपवर, गाण्यासाठी सेकंदांची साठवण ठेवतात आणि बोलण्यासाठी मिलिसेकंदांची. वस्तू तीच, आकडे तेच; पलीकडे उत्तर देणारा माणूस आहे की नाही, एवढ्यावर साठवणीचा आकार ठरतो. तक्त्यांवर ही गोष्ट कधी दिसत नाही, आणि आमच्या मते तक्त्यांचा सर्वांत मोठा दोष तोच.

या दोषाचा फटका बसताना आम्ही पाहिला आहे. धुळ्यात शिक्षकांच्या एका वर्गाला मोठे सभागृह मिळाले होते. एका उत्साही मित्राने गळ्यातला माईक फोनला जोडला आणि फोन ब्लूटूथने गाण्यांच्या स्पीकरला. व्याख्याते उत्तम बोलणारे. पण दोन मिनिटांत ते अडखळू लागले, शब्द लांबवू लागले, एकदा तर वाक्य अर्धवट सोडून गप्प उभे राहिले. सभागृहात कुजबुज झाली की गृहस्थांची प्रकृती बरी नसावी. कोणीतरी साधा तारेचा माईक आणून दिला आणि व्याख्यान सुरळीत झाले. स्पीकर बिघडलेला नव्हता. गाण्यासाठी ठेवलेली साठवण त्याने बोलण्यालाही लावली होती, आणि वक्त्याला स्वतःचाच आवाज उशिरा ऐकू येत होता. स्वतःचा आवाज सेकंदाच्या पाचव्या भागाइतका उशिरा कानावर पडला तर चांगला बोलणाराही अडखळतो, हे बर्नार्ड ली यांनी १९५० मध्येच दाखवले होते. ब्लूटूथमध्ये बोलण्यासाठी वेगळी सोय असते: हातमुक्त संभाषणाच्या मूळ पद्धतीत ३० बाइटांची पुडी दर ३.७५ मिलिसेकंदांनी निघते आणि हरवली तर पुन्हा मागवत नाहीत. गाण्याच्या पद्धतीत हरवलेली पुडी पुन्हा मागवतात, म्हणून साठवण मोठी लागते. उपकरण विकत घेताना शाळेने स्पीकर किती वॉटचा हे विचारले होते, उशीर किती हे नाही. आम्ही तरी कुठे विचारले असते!

टाकीवर एवढा राग काढला, पण एका बाबतीत तिला न्याय द्यायला हवा. बोलणाऱ्याच्या फोनमधले घड्याळ आणि ऐकणाऱ्याच्या फोनमधले घड्याळ वेगवेगळ्या क्वार्ट्झ स्फटिकांवर चालते. स्फटिकाची अचूकता दहा लाखांत २० इतकी धरली आणि एक पुढे, दुसरे मागे असेल, तर दोघांत दहा लाखांत ४० चा फरक पडतो. सेकंदाला ८००० आकडे म्हणजे ०.३२ आकड्याचा फरक. क्षुल्लक वाटतो. पण ५०० सेकंदांत, म्हणजे सव्वाआठ मिनिटांच्या बोलण्यात, १६० आकडे होतात, म्हणजे एक आख्खी पुडी. वरचा नळ खालच्या तोटीपेक्षा केसभर जास्त सोडतो, आणि टाकी केवढीही घ्या, केव्हातरी वाहणार. उलट असेल तर केव्हातरी कोरडी पडणार. नववीच्या मुलांना हे गणित सुटते आणि पाण्याच्या टाकीच्या जुन्या उदाहरणांना एक ताजा विषय मिळतो. चिप यावर उपाय करते तो मोठा चतुर आहे: बोलण्यात माणूस श्वास घ्यायला थांबतो, त्या शांततेतले थोडे आकडे गाळायचे किंवा वाढवायचे. कोणाला पत्ता लागत नाही. साठवण कमीजास्त करायची झाली तरी ती अशीच शांततेत उरकतात.

हुकलेल्या पुडीच्या जागी मात्र शांतता ठेवून चालत नाही. भोक पडल्यासारखे ऐकू येते. म्हणून चिप मागच्या पुडीच्या आधारे बनवलेला आवाज तिथे वाजवते आणि पुड्या लागोपाठ हुकल्या तर तो हळूहळू मंद करत नेते. स्वर लांबट असतात, त्यांत ही थिगळे खपून जातात. व्यंजनांचे तसे नाही. ‘फळ’ आणि ‘पळ’ यांत फरक आहे तो आरंभीच्या काही दशक मिलिसेकंदांच्या श्वासाचा. नेमक्या त्या दोन-चार पुड्या हुकल्या तर ऐकणाऱ्याला ‘फळ’चे ‘पळ’ ऐकू येऊ शकते, आणि आवाज तुटल्याचे कळतही नाही. २०२० आणि २०२१ मध्ये शाळा बंद असताना आमच्यापैकी कित्येकांनी फोनवरून शुद्धलेखन घातले. पाड्यावरच्या, डोंगराआडच्या मुलांच्या वह्या नंतर तपासताना महाप्राण अक्षरांच्या चुका दिसल्या, आणि त्या आम्ही लाल शाईने मुलांच्या नावावर मांडल्या. त्यांतल्या काही चुका मुलांच्या होत्या, काही घरच्या बोलीच्या असतील. काही चिपने भरलेल्या थिगळांच्याही असू शकतील, ही शंका तेव्हा आमच्या मनाला शिवली नाही. वह्या परत गेल्या; आता वेगळे काढता येणे शक्य नाही.

टाकीच्या तक्त्याऐवजी काय, असे शिक्षकमित्र विचारतील. आम्ही सातवी ते नववीच्या वर्गांत एक खेळ घेतो. एक मुलगा दर दोन सेकंदांनी एकेक अक्षर चिठ्ठीवर लिहून देतो, चिठ्ठीवर क्रमांक घालतो. चार-पाच मुले त्या चिठ्ठ्या वर्गाच्या निरनिराळ्या वाटांनी, कोणी बाकांखालून, कोणी व्हरांड्यातून, पलीकडच्या भिंतीशी नेतात. तिथली मुलगी टाळीच्या ठेक्यावर दर दोन सेकंदांनी एक अक्षर वाचते. पहिल्या फेरीत तिने पहिली चिठ्ठी येताच वाचायला लागायचे, दुसरीत तीन चिठ्ठ्या जमल्यावर, तिसरीत दहा जमल्यावर. जिची वेळ टळली ती चिठ्ठी फाडायची. पहिल्या फेरीत वाक्याची चाळण होते, तिसऱ्या फेरीत वाक्य सगळे येते. मग चौथी फेरी प्रश्नोत्तरांची, दोन्ही बाजूंना दहा-दहा चिठ्ठ्या जमवून. ‘तुझे गाव कोणते’ या प्रश्नाचे उत्तर यायला लागेपर्यंत वर्ग कंटाळून गोंगाट करू लागतो, आणि कोणीतरी आपणहून म्हणते, ‘सर, तीनच ठेवा.’

खेळात एकच अडचण दर वेळी येते. व्हरांड्यातून धापा टाकत आलेल्या मुलाच्या हातातली चिठ्ठी त्याच्यासमोर फाडू द्यायला मुले तयार नसतात. ‘आणली ना त्याने, मग वाचा की,’ म्हणून भांडतात. आम्ही ते भांडण चालू देतो. मागच्या खेपेला ते मधली सुट्टी होईपर्यंत चालले होते.